सप्तकुंडाची एकदिवसीय सहल: जालन्याहून निघणाऱ्या गटांसाठी

श्रावण लागला की जालन्यातल्या शाळांमध्ये, बँकांमध्ये आणि सकाळी मोतीबागेत चालायला येणाऱ्या मंडळींमध्ये एकच विषय निघतो: यंदा धबधबा बघायला कुठं जायचं? वर्षाचे आठ महिने कोरडं आभाळ पाहणाऱ्या माणसांना वाहतं पाणी बघावंसं वाटणारच. त्यासाठी लोणावळा किंवा माळशेज गाठायची गरज नाही. भोकरदनच्या पलीकडे, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अजिंठ्याच्या लेण्यांची दरी आहे आणि त्या दरीच्या डोक्यावर वाघूर नदीचा सप्तकुंड धबधबा आहे. दाट झाडी, घोड्याच्या नालेसारखी वळलेली कातळाची भिंत आणि सात टप्प्यांत उतरणारं पाणी, हे सगळं एका दिवसात पाहून रात्री घरी परतता येतं. पण वीस-पंचवीस माणसं, त्यांतली काही लहान, काही साठीच्या पुढची, आणि समोर पावसाळ्यातलं पाणी, असा मेळ असतो तेव्हा आधी नीट तयारी हवी.

पहिला प्रश्न असा की इतक्या नद्या असूनही आपल्या जिल्ह्यात मोठे धबधबे का नाहीत? अजिंठ्याची रांग ही पाणलोटाची कड आहे. तिच्या दक्षिणेचं पाणी पूर्णा, केळना, गिरजा यांच्या वाटेनं सावकाश उतरत गोदावरीकडे जातं. या बाजूला पठाराचा उतार मंद असल्यामुळे पाण्याला उडी घ्यायला जागाच नाही. उत्तरेला मात्र पठार एकदम तुटतं आणि खाली खानदेश दिसतो. तिकडून निघणारी वाघूर तापीला मिळते. आपल्याकडचा काळा कातळ म्हणजे लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. काही थर घट्ट, काही भुसभुशीत. भुसभुशीत थर पाण्यानं लवकर झिजतो, घट्ट थर टिकून राहतो आणि पायऱ्या तयार होतात. प्रत्येक पायरीखाली पाण्याच्या माऱ्यानं कुंड खोदलं जातं. सप्तकुंडाची सात कुंडं ही अशी घडली. मुलांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी हे बसमध्येच समजावून सांगावं, म्हणजे दरीत उतरल्यावर मुलं भिंतीवरचे आडवे पट्टे स्वतःच शोधतात.

याच रचनेत या जागेचा धोकाही आहे आणि या लेखात मला सर्वांत जास्त तेच सांगायचं आहे. धबधब्याखाली उभं राहिल्यावर तुम्हाला फक्त दरी दिसते. पाणी येतं ते वरच्या पठारावरून, आणि ते पठार खालून दिसत नाही. दरीत ऊन असताना वर काही किलोमीटरवर ढग फुटल्यासारखा पाऊस पडत असू शकतो. कातळावर माती थोडी, उतार उघडा, त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात येतं. घोट्याएवढ्या पाण्याचा प्रवाह काही मिनिटांत कमरेएवढा होतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं होतं. पाणी वाढलं तेव्हा दोन्ही बाजूंना परतायची वाट बंद झाली आणि पाच जण वाहून गेले. काठावरची माणसं पाहत होती, पण कुणालाही त्यांच्यापर्यंत पोहोचता आलं नाही. खुद्द सप्तकुंडातही जुलै २०२३ मध्ये व्ह्यू पॉइंटच्या बाजूला सेल्फी घेताना एक तरुण कुंडात पडला होता. त्याला पोहता येत होतं, दोर टाकून त्याला वर काढता आलं, म्हणून तो वाचला.

म्हणून गटाचा नियम निघण्याआधीच ठरवून टाका: धबधबा लांबून पाहायचा, कुंडात कुणीही उतरायचं नाही, ओढ्याच्या मधल्या दगडावर फोटोसाठी कुणीही जायचं नाही. हा नियम पट्टीच्या पोहणाऱ्यालाही लागू. कुंडाच्या तळाशी दगड असतात, पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि शेवाळलेल्या काठाला हात धरायला काही मिळत नाही. तिथं विहिरीत किंवा तलावात शिकलेल्या पोहण्याचा भरवसा धरता येत नाही. एकाला परवानगी दिली की दुसऱ्या दहांना अडवता येत नाही, हे सहल नेलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे.

पाणी वाढणार असल्याच्या खुणा ओळखायला शिका आणि गटालाही शिकवा. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, त्यावर पालापाचोळा आणि काटक्या तरंगत येणं, धबधब्याचा आवाज जड होणं, मघाशी कोरडा दिसलेला दगड ओला होणं, यांतली एक जरी खूण दिसली तरी सगळ्यांनी लगेच उंच बाजूला सरकायचं. सामान, चप्पल, डबा, काही राहिलं तर राहू द्यायचं. पलीकडे अडकलात तर वाढत्या पाण्यातून येण्याचा प्रयत्न करू नका. अशा लहान ओढ्यांचं पाणी जितक्या झपाट्यानं चढतं तितक्याच लवकर ते बहुधा ओसरतंही, त्यामुळे दोन-तीन तास उंचावर बसून राहणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कधी जायचं? जूनमध्ये नको. मृगाच्या पावसात जमीन तहानलेली असते, धबधब्याला धार नसते आणि मराठवाड्यात त्याच दिवसांत विजा सर्वाधिक पडतात. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर हा उत्तम काळ. तोवर पठार भिजलेलं असतं, नदीला कायम पाणी असतं, डोंगर गर्द हिरवा असतो. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहा. इथं एक चूक सर्रास होते: लोक जालन्याचा अंदाज पाहून निघतात. पाहायचा तो छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांचा, कारण लेणी पहिल्या जिल्ह्यात आहेत आणि दुसऱ्याची हद्द तिथून जवळच आहे. ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर सहल पुढच्या आठवड्यावर टाका. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ ॲप गटातल्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असू द्या. पावसाळ्यात जिल्हाधिकारी काही पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेशही काढतात, त्याची चौकशी आधीच करावी. आणि सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरून निघालेल्या बसेस फर्दापूरहून परत फिरतात. शनिवार-रविवारची गर्दी टाळता आली तर मंगळवार ते शुक्रवार यांतला दिवस घ्या.

वाहनाचं म्हणाल तर तीस-चाळीस जणांसाठी एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते. जालना आगारात आठ-दहा दिवस आधी अर्ज करावा. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना भाड्यात सवलत असते. खासगी ट्रॅव्हल्स घेतलीत तर चालक घाटाचा सराव असलेला आहे का आणि आदल्या रात्री तो जागरण करून आलेला नाही ना, हे विचारायला लाजू नका. रस्ता राजूर, भोकरदन, सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा असा. शेवटी घाट उतरून फर्दापूर. लेण्यांच्या पायथ्याशी खासगी गाडी नेता येत नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटवर गाड्या लावून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसनं जायचं. जालना–जळगाव रेल्वेमार्गाला केंद्र सरकारनं २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो मार्ग होईपर्यंत रस्ता हाच पर्याय.

पहाटे साडेपाचला जालना सोडा. राजूरच्या गणपतीचं दर्शन बाहेरूनच घ्या, आत गेलात तर तास जातो. भोकरदनला चहा आणि स्वच्छतागृहाची सोय पाहून घ्या, विशेषतः महिला आणि मुलींसाठी, कारण पुढे नीट सोय मिळेपर्यंत बराच वेळ जातो. लेणी नऊला उघडतात, तेव्हा तुम्ही दारात असायला हवं. तिकीट भारतीयांसाठी ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. त्यामुळे मुलांची ओळखपत्रं बरोबर ठेवा.

आत गेल्यावर बहुतेक लोक पहिल्या क्रमांकाच्या लेण्यापासून सुरुवात करतात. माझा सल्ला उलटा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाच्या जोरदार सरी आणि गडगडाट बहुधा दुपारनंतर येतात. तेव्हा सकाळच्या वेळात आधी चालणं आणि धबधबा उरकावा, लेणी मागून पाहावीत. सरळ चालत शेवटच्या टोकाला, सव्विसाव्या लेण्यापर्यंत जा. तिथून पुढे दरी आवळत जाते आणि पाण्याचा आवाज आधी कानावर येतो. सुरक्षित बांधलेल्या वाटेवरूनच धबधबा पाहा. मग येताना सव्विसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प पाहून एकेक लेणं मागे घेत या. दुपारी पाऊस आलाच तर तुम्ही कातळाच्या छपराखाली असता.

गटातल्या धडधाकट मंडळींसाठी खरा ट्रेक आहे तो समोरच्या डोंगरावरचा. ओढ्यावरचा पूल ओलांडून पायवाटेनं व्ह्यू पॉइंटकडे चढता येतं. चढायला पाऊण तास, उतरायला अर्धा तास धरा. निघण्यापूर्वी तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना वाट खुली आहे का, ते विचारा आणि त्यांनी नको म्हटलं तर हुज्जत घालू नका. वरून संपूर्ण नाल एका नजरेत येते: ७६ मीटर उंचीच्या कड्यात ओळीनं कोरलेली लेणी आणि टोकाला पांढरी धार. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या मद्रास घोडदळातल्या अधिकाऱ्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, असं सांगतात, ती याच बाजूनं. तो उन्हाळ्यात आला होता. त्याला न दिसलेलं पाणी तुम्हाला दिसेल. कड्याच्या कठड्यापलीकडे पाय टाकू नका. पावसानं कडेची माती सैल झालेली असते आणि गवतामुळे काठ नेमका कुठं संपतो ते कळत नाही.

आता गटाबद्दल. एक गटप्रमुख ठरवा आणि त्याचा शब्द अखेरचा, हे सगळ्यांसमोर बोलून घ्या. हा माणूस सर्वांत उत्साही नसावा. ‘परत फिरा’ म्हणायची ज्याला भीड वाटत नाही, असा असावा. दहा-दहा जणांच्या तुकड्या करा. प्रत्येक तुकडीत एक पुढे चालणारा आणि एक सर्वांत मागे राहणारा. मागच्यानं कुणालाही आपल्या मागे राहू द्यायचं नाही. चालीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा. दर थांब्यावर मोजणी करा, आणि ती नुसती डोकी मोजून नको. प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि तो त्याच्या तोंडून ऐका. दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नसते. शिट्ट्या घ्या, तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी, एवढा संकेत पुरतो. घरी मागे राहिलेल्या एका माणसाकडे सगळ्यांची नावं, फोन नंबर आणि परतीची वेळ लिहून द्या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना घरी ठेवून येऊ नका. लेण्यांच्या पायऱ्यांसाठी डोली मिळते, दर आधी ठरवून घ्यावा. ज्यांना दम्याचा, हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी गटप्रमुखाला आदल्या दिवशी सांगावं आणि औषधं बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवावीत. दारू घेतलेल्या माणसाला बसमध्येच बसू द्या. अपघाताच्या बातम्यांमध्ये दारू वारंवार येते, त्यामुळे इथं भीडभाड ठेवू नये.

पायात तळाला खोल खाचा असलेले बूट हवेत. गुळगुळीत झालेले जुने बूट आणि रबरी चप्पल ओल्या कातळावर धोक्याचे आहेत. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, त्यापेक्षा ट्रॅक पँट किंवा सुती सलवार बरी. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइल आणि पैशांसाठी प्लास्टिकची पिशवी, एक कोरडा कपड्यांचा जोड बसमध्ये, जखमेची पट्टी, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं आणि पंधरा-वीस मीटरचा मजबूत दोर, एवढं पुरे. पावसात तहान कळत नाही, तरी माणशी दोन लिटर पाणी घ्या. धबधब्याचं पाणी पिऊ नका, वर गावं आहेत, गुरं चरतात.

जेवण घरचंच न्यावं: दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. चढताना खायला आपली मोसंबी उत्तम. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि सप्टेंबरात आंबिया बहाराची फळं बाजारात आलेली असतात. सालं मात्र पिशवीत परत आणा. अजिंठ्याची माकडं डबा उघडण्याची वाटच पाहत असतात, म्हणून जेवण टी पॉइंटच्या आवारात करा, लेण्यांच्या वाटेवर नको. माकडांना खाऊ घालणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे, कारण मग ती रानात चरणं सोडून माणसांच्या हातावर झडप घालू लागतात.

या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, ढोल, स्पीकर, दगड मारणं, यांतलं काहीही त्यांना खवळू शकतं. माश्या उठल्या तर हात हलवत झटकू नका; चेहरा आणि मान कपड्यानं झाका आणि लांब निघून जा. पाण्यात उडी मारणं घातक. पावसाळ्यात दगडांच्या फटींत फुरसं आणि घोणस असू शकतात, तेव्हा न पाहता हात टाकायचा नाही, गवतात काठी आपटत चालायचं. साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. माणसाला आडवं करून तो अवयव हलणार नाही असा ठेवा, चावल्याची वेळ लिहून घ्या आणि सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिसर्पविष तिथं मिळतं. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२, वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच साठवलेले असावेत.

लेण्यांत शिरताना ओले रेनकोट बाहेर ठेवा आणि केस, कपडे निथळू द्या. हे मी कळकळीनं सांगतो आहे. दीड-दोन हजार वर्षं टिकलेल्या त्या भित्तिचित्रांना सर्वांत मोठा त्रास दमटपणाचा आणि माणसांच्या श्वासाचा आहे. धबधब्यात भिजून आलेले पन्नास जण एकदम आत घुसले की त्या खोलीतली हवा बदलते. तुकड्या-तुकड्यांनी जा, फ्लॅश वापरू नका, भिंतीला टेकू नका. १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली ही जागा आपल्या शेजारच्या तालुक्याला लागून आहे. आपण तिचे सर्वांत जवळचे राखणदार आहोत.

कचऱ्याविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवा. सप्तकुंडातून उतरलेली वाघूर पुढे धरणात अडवली आहे आणि जळगाव शहर त्या धरणाचं पाणी पितं. कुंडाच्या काठी टाकलेली वेफर्सची पिशवी पुरात कुठं जाते, ते यावरून कळेल.

ज्यांनी अजिंठा पाहिला आहे आणि ज्यांना अधिक जंगल हवं आहे त्यांनी पुढच्या वेळी कन्नडकडे, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात जावं. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे सुमारे २६० चौरस किलोमीटरचं रान छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत पसरलं आहे. पितळखोऱ्याची लेणी, धवलतीर्थ आणि केदारकुंड हे धबधबे, आणि पायथ्याला पाटणादेवी. याच पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख सापडला आहे. पण ते अभयारण्य आहे. बिबटे आणि अस्वलं तिथली मूळ रहिवासी, आणि २०२१ मध्ये टिपेश्वरहून चालत आलेला वाघही तिथल्या कॅमेऱ्यात दिसला. वन खात्याच्या नाक्यावर नोंद करूनच आत जायचं, स्थानिक वाटाड्या घ्यायचा आणि सूर्यास्ताआधी बाहेर पडायचं. जालन्याहून अंतरही जास्त आहे, त्यामुळे पहिल्याच सहलीला लहान मुलांसह तिकडे जाऊ नये. लहानग्यांसाठी भोकरदन तालुक्यातला जाळीचा देव हा महानुभावांचा डोंगरातला परिसर पुरेसा आहे. अन्व्याचं कोरीव मंदिरही त्याच भागात आहे, मुलांना तेही दाखवावं.

परतताना घाई होते ती चुकीच्या जागी. सगळे धबधब्यापाशी रेंगाळतात आणि मग अंधारात घाट चढतात. तीन वाजता लेण्यांतून बाहेर, चारच्या आत फर्दापूरहून बस सुटली पाहिजे, मग अन्व्याला अर्धा तास थांबलात तरी चालेल. पावसाळ्यात घाटात दगड येतात, धुकं उतरतं, आणि पुढे भोकरदनपर्यंत ठिकठिकाणी फरशी पुलांवरून पाणी वाहू शकतं. पुलावरून पाणी जात असेल तर चालकाला बस घालायला कुणीही सांगू नये, कितीही उशीर झालेला असो. वेळ अशी आखा की उजेड असतानाच तुम्ही भोकरदन ओलांडाल.